बिनपडद्याचा डबा

विश्वनाथराव भोईटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले आणि तिथंच त्यांचे पाय जमिनीला चिकटले.

चिकटले, हा त्यांचाच शब्द. वरचं अंग पुढं जायला निघालेलं, एक हात चौकटीकडे गेलेला, नजर ओट्यावरच्या कपावर. पाय मात्र फरशीत रोवल्यासारखे. पोटऱ्यांमध्ये नुसती बारीक थरथर. शैलजानं हातातली सांडशी तशीच टाकली आणि ती धावली.

"अहो, पडाल! धरा मला. उजवा उचला. उचला ना!"

"उचलतोय," ते म्हणाले. पाय काही उचलला जाईना.

चहा पार निवला, तेव्हा कुठं पाऊल सुटलं.

नीरा उजव्या कालव्यावर निरीक्षक म्हणून नोकरी केलेला हा माणूस. उमेदीच्या काळात रोज मैलोन् मैल कालव्याच्या भरावावरून चालायचा. कुठं भराव खचायला आलाय, कुठं कुणी चोरून पाइप टाकलाय, हे त्यांना चालता चालता कळायचं. निवृत्तीनंतर कंपवातानं गाठलं. हातांची थरथर गोळ्यांनी आटोक्यात राहिली, पण हे चिकटणं गोळ्यांना दाद देईना. दाराची चौकट आली, वळण आलं, बेल वाजली, कुणी घाई केली, की पाय थबकलेच. एकदा न्हाणीघराच्या दारात असेच अडकले, तोल गेला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून शैलजा घराबाहेर पडायची ती भाजी-औषधांपुरती, आणि तेही समोरच्या नसीमबाईंना घरात बसवून. पोस्टातली नोकरी तिनं मुदतीआधीच सोडली होती. फलटणातल्या त्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत ती सतत नवऱ्यापासून हाताच्या अंतरावर असायची. मनगट मोडलं तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, हे ती विसरलेली नव्हती.

लेक केतकी कोइमतूरला होती. तिनं एक दिवस फोनवर विचारलं, "आई, मी फोटो आणि गाणी साठवायला दिलेला तो छोटा सर्व्हर अजून चालू आहे ना?"

"टीव्हीखालचा डबा? आहे की. धूळ खातोय."

"तोच बाबांना चालवणार आहे आता," केतकी म्हणाली.

तिनं जे समजावून सांगितलं, ते शैलजाला पहिल्या खेपेला अर्धंच कळलं. पुढं वाचून वाचून तिनं ते नीट समजून घेतलं.

घरातलं वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. राउटरमधून निघालेल्या लहरी सरळ एका रेषेत जात नाहीत. भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटत, वळत, शेकडो वाटांनी पोचतात. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. ते काही लहरी शोषतं, काही परतवतं. माणूस हलला की लहरींच्या वाटा बदलतात. हे बदल मोजत राहिलं, तर घरात कोण चाललंय आणि कसं चाललंय हे अंधारातही कळतं, भिंतीपलीकडूनही कळतं. कॅमेरा लागत नाही, अंगावर काही बांधावं लागत नाही. इथवर सगळं जुनंच होतं. नवं एवढंच सापडलं होतं, की पाय चिकटायच्या दोन-तीन सेकंद आधी पावलं आखूड होत जातात, पोटऱ्यांत एका ठरावीक गतीची थरथर सुरू होते आणि तीसुद्धा या लहरींत उमटते. खुद्द त्या माणसाला कळायच्या आधी ती यंत्राला कळते.

आणि कळलं, तर उपाय होता. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. मेंदूच्या खोल भागातली एक यंत्रणा आपसूक ताल धरत असते. कंपवातात नेमकी तीच ढासळते. पण बाहेरून ताल ऐकू आला, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पायांना हुकूम देऊ शकतो. म्हणजे चिकटायच्या ऐन आधी, योग्य क्षणी, कानावर ठोका पडला पाहिजे.

अशी यंत्रं बाजारात मिळत होती. पण ती घरातली सगळी हालचाल दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकांकडे पाठवायची. कोण कधी उठलं, कोण कुणाजवळ बसलं, घरी कोण आलं, कोण गेलं. "आपलं उठणं-बसणं परक्यांनी का बघावं?" असं म्हणून शैलजानं त्यांना आधीच नकार दिला होता. केतकी सांगत होती ती 'पाऊलवाट' वेगळी होती. देशभरच्या काही लोकांनी आपल्या हौसेनं आणि गरजेनं तयार केलेली, कुणीही घ्यावी अशी प्रणाली. ती स्वतःच्या घरातल्या डब्यावर चालायची आणि तिथली माहिती घरच्यांनी ठरवलेल्या फोनांपलीकडे कुठंही जायची नाही. केतकीनं ती भरलेलं मेमरी कार्ड कुरियरनं पाठवलं आणि स्वतः कामासाठी समुद्रावरच्या पवनचक्क्यांवर गेली. तिथं फोन लागायचा नाही.

डबा आतापर्यंत केबलनं राउटरला जोडलेला होता. आता केबलचा उपयोग नव्हता. राउटर पुढच्या खोलीत आणि डबा आतल्या बोळातल्या माळ्यावर असला, तरच दोघांमधल्या लहरी साऱ्या घरातून जाणार होत्या. म्हणजे डब्याला वाय-फायवर आणायला हवं. पण त्याला ना पडदा ना कळफलक. पुढं एक हिरवा दिवा, बस्स. अशा डब्याशी बोलायची एक युक्ती होती. कार्ड आधी लॅपटॉपमध्ये घालायचं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एका छोट्या फाइलमध्ये लिहून कार्डावर ठेवायचा. मग कार्ड डब्याच्या पोटात सरकवायचं. सुरू होताना डबा ती चिठ्ठी वाचतो आणि आपला आपण घरच्या नेटवर्कमध्ये येतो.

शैलजानं सगळं केलं. डबा सुरू झाला, दिवा लुकलुकला. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून तिनं घरातल्या उपकरणांची यादी पाहिली. दोन मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप. डबा नव्हता. कार्ड काढून तिनं पुन्हा सगळं केलं. तेच.

"जाऊ दे," बाहेरून विश्वनाथराव म्हणाले. "इतकी वर्षं काढलीच ना."

त्या 'इतकी वर्षं काढलीच' मध्ये पुढची वर्षंही धरलेली होती. शैलजाला ते सोसलं नाही. पाऊलवाटच्या पानावर मदतीसाठी काही माणसांचे क्रमांक होते. मराठी लिहिलेला एकच होता. तो तिनं लावला.

"नमस्कार. यामिनी गडपायले बोलतेय, नागपूरहून." आवाज बारीक होता, सपाट, वाक्याच्या शेवटाला विरत जाणारा. शैलजानं फोन कानाला घट्ट धरला.

"माझा डबा यादीत दिसत नाही हो."

"दिवा लागतो?"

"लागतो."

"मग जिवंत आहे. एक सांगते ताई, तो नेटवर्कमध्ये येईपर्यंत मला इथून काहीच करता येत नाही. डोळे तुमचे, हात तुमचे. मी फक्त विचारणार. चालेल?"

"चालेल."

"कार्ड परत लॅपटॉपमध्ये घाला. चिठ्ठीच्या फाइलचं नाव वाचा. शेवटपर्यंत, टिंबासकट."

शैलजानं वाचलं. यामिनीनं तिला एक खूण शोधायला लावली, नावांचे लपलेले शेवट दाखवणारी. ती खूण करताच फाइलच्या नावापुढं आणखी तीन-चार अक्षरं उगवली.

"अगं बाई, हे मी नाही लिहिलं!"

"लॅपटॉपनं आपल्या मनानं शेपूट जोडलंय. डबा नेमक्या नावाची चिठ्ठी शोधतो. हे नाव वेगळं, म्हणून त्यानं ती उघडलीच नाही. कापा शेपूट."

शेपूट कापलं. कार्ड डब्यात गेलं, दिवा लुकलुकला. यादीत तीच चार नावं.

"नाही आला," ती म्हणाली.

मग यामिनी म्हणाली, "चिठ्ठीत देश लिहिलाय का?"

"देश? त्याला देश कशाला?"

"रेडिओलहरींचे कायदे देशोदेशी वेगळे असतात. कुठल्या लहरी वापरायच्या, किती जोरात बोलायचं, सगळं. आपण कुठं आहोत हे कळेपर्यंत हा डबा आपला रेडिओ उघडतच नाही. गुन्हा नको म्हणून गप्प बसतो. वरच्या ओळीत देशाची दोन अक्षरं लिहा. मोठ्या लिपीत, आय आणि एन."

शैलजानं दोन अक्षरं लिहिली. डबा पुन्हा सुरू केला आणि पान ताजं करत राहिली. चार नावं. चार नावं. मग खाली एक पाचवी ओळ आली.

"आला!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बाहेर विश्वनाथरावांच्या हातातला पेपर पडला.

"काय आलं? कोण आलं?"

"डबा आला!"

त्यानंतर लॅपटॉपवरच्या, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत डब्याला हाक मारून, तो विचारील त्याला उत्तरं देत, एकेक ओळ यामिनी सांगेल तशी टाइप करत तिनं पाऊलवाट सुरू केली. यामिनी अक्षरं सुटी सुटी सांगत होती आणि मध्येच दम घेत होती. काम झाल्यावर शैलजाला राहवलं नाही.

"यामिनीताई, रागावू नका. तुमचा आवाज... आमच्या ह्यांचा आवाज असाच झालाय."

"ओळखलंत." ती हसली बहुतेक. "बरीच वर्षं झाली मला. इंजिनिअर होते मी, एकटी राहते. माझ्या घरासाठी म्हणून यातला थोडा भाग लिहिला. आता बोटं एका अक्षराची तीन करतात, म्हणून दुसऱ्यांकडून टाइप करून घेते."

"तुमचे उपकार..."

"ते राहू द्या. आधी त्याला यजमानांचं चालणं शिकू द्या. पहिले पंधरा दिवस तो नुसता बघेल. यजमान अडकले की तुम्ही फोनवर एक बटण दाबा, म्हणजे त्याला कळेल, हे ते."

पंधरा दिवस डबा माळ्यावर गप्प होता. मग एका सकाळी विश्वनाथराव बोळातून वळले आणि डब्याला जोडलेल्या, कोपऱ्यातल्या लहान स्पीकरमधून ठोके आले. टिक, टिक, टिक. ते थांबले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे काय, पाल चुकचुकतेय! पुढं काहीतरी वाईट होणार असं वाटतं. बंद कर."

"मग कसला आवाज हवाय तुम्हाला? बँड लावू?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "तू खलबत्त्यात वेलदोडे कुटतेस ना," ते म्हणाले. "तसला चालेल."

शैलजानं आवाज टिपायला ओट्यावर फोन ठेवला, पितळी खलबत्ता घेतला आणि एका लयीत कुटत राहिली. डब्यानं ती लय विश्वनाथरावांच्या चांगल्या दिवशीच्या पावलांना जुळवून घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराकडे येताना उंबऱ्याच्या अलीकडेच खलबत्ता वाजू लागला. ते क्षणभर थांबले. डोकं थोडं कललं, कुणी नाव घेतल्यासारखं. मग उजवा पाय वर आला, उंबरा ओलांडून पलीकडे टेकला आणि मागोमाग डावाही आला.

विश्वनाथराव मागं वळून उंबऱ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, अगदी खांदे हलेपर्यंत.

पुढचे दिवस शैलजाला उसने मिळाल्यासारखे वाटले. ते स्वतः उठून दारातला पेपर आणायचे. न्हाणीघरात एकटे जायचे. परसदारच्या कढीपत्त्याला तांब्याभर पाणी घालून यायचे. रोज सकाळी माळ्याखालून जाताना ती वर बघून हात जोडायची. "देवघर इकडं आहे," ते चिडवायचे. ती नागपूरला फोन करून छोट्या छोट्या बातम्या सांगायची आणि यामिनी त्या मन लावून ऐकायची.

डबा दर आठवड्याला फोनवर आढावा द्यायचा. पाय कुठं अडले, तेव्हा घरात काय चाललं होतं, कशानं सुटले. महिन्याभरानंतरच्या आढाव्यात एक नवी ओळ होती. शैलजानं ती चष्मा पुसून पुन्हा वाचली. दुसरी व्यक्ती जवळ येत असताना पाय अडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. दुसरी व्यक्ती वेगानं येत असेल, तर आणखी जास्त.

घरात दुसरी व्यक्ती एकच होती.

त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, भांडी घासली आणि कपाटातले सगळे डबे काढून पुसले. विश्वनाथरावांनी काय झालं म्हणून दोनदा विचारलं. तिनं "काही नाही" म्हटलं. दुपारी ते आडवे झाल्यावर ती परसदारी गेली आणि तिनं यामिनीला फोन लावला.

"तुमचा तो डबा चुकतोय," ती म्हणाली. "सहा वर्षं मी त्यांना धरून उभी आहे. मी नसते तर किती वेळा पडले असते. आणि हा म्हणतो, मी आले की ते अडतात!"

यामिनी म्हणाली, "ताई, माझी धाकटी बहीण वर्ध्याहून येते. जगात तिच्याइतकं माझं कुणी नाही. ती दारात उभी राहून हात पुढं करते आणि माझे पाय खिळतात. ती गेली की मी त्याच दारातून सहज जाते."

"असं का?"

"भीतीनं. तिच्या डोळ्यांत दिसतं ना, की आता ही पडणार. मग मलाही तेच वाटतं. भीती आणि घाई ही दोन्ही या आजाराची खास दोस्त. डब्याला तुमचं नाव माहीत नाही जी. त्याला एवढंच दिसतं, की कुणीतरी जोरात आलं आणि पावलं आखूड झाली. तो तुमची माया मोजत नाहीये. तुमचं धावणं मोजतोय."

शैलजानं फोन ठेवला. ती आत आली तेव्हा विश्वनाथराव पलंगावर उठून बसले होते. घरातल्या भिंती पातळ होत्या.

"खरं आहे का ते?" तिनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "तू धावत येतेस ना, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर मी आधीच पडलेला असतो."

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

"काय बोलू? माझ्यासाठी नोकरी सोडलेल्या बाईला म्हणू, जरा लांब उभी राहा म्हणून?" त्यांचा आवाज अजूनच बारीक झाला. "आणि मनगट मोडल्यावर तू दवाखान्यात कशी रडली होतीस, ते मी पाहिलंय. तू धावू नयेस असं वाटायचं, आणि तू आली नाहीस तर, असंही वाटायचं. दोन्ही."

शैलजा त्यांच्याशेजारी बसली. तिला राग आला होता, आणि राग कुणावर ते कळत नव्हतं. डब्यावर नाही, त्यांच्यावर नाही. एवढी वर्षं आपण ज्याला आधार समजलो, त्यात आपलीच भीती मिसळलेली होती, याचं तिला वाईट वाटलं. आणि ते वाईट वाटता वाटताच अंगावरचं काहीतरी जड उतरल्यासारखंही झालं. यंत्रानं सांगितलं नसतं, तर हा माणूस ते मनात घेऊनच गेला असता.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी स्टूल घेऊन बसली. "या," ती म्हणाली. "मी उठणार नाही."

ते बोळातून आले. खलबत्ता वाजला. उंबऱ्यापाशी पाय अडलेच. शैलजानं ओट्याची कड घट्ट धरली. त्यांचं अंग पुढं झुकलं, टाचा उचलल्या गेल्या. तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. तिनं मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या वायरवर बसलेल्या कावळ्याकडे बघत राहिली. खलबत्ता थांबला, मग पहिल्यापासून, जरा सावकाश वाजू लागला. तिच्यामागं फरशीवर एक पाऊल पडलं. मग दुसरं.

"कावळा काय म्हणतो?" अगदी कानाशी त्यांचा आवाज आला.

असं ती न धावायला शिकली. चालायला शिकण्याइतकंच ते अवघड होतं. कधी कधी विसरायची, मग ते नुसते "शैलजा" म्हणायचे आणि ती जागच्या जागी थांबायची. ओट्यापासून पुढची खोली, पुढच्या खोलीपासून अंगण, अंगणापासून कोपऱ्यावरचं वाचनालय, असं तिचं अंतर वाढत गेलं. पुढच्या आढाव्यांतून ती नवी ओळ नाहीशी झाली.

दिवाळीनंतर बार्शीहून तिच्या थोरल्या बहिणीचा, रतनताईचा फोन आला. तिला पंचाहत्तरावं लागत होतं, सगळी माहेरची जमणार होती. "तू काही येणार नाहीस, ठाऊक आहे," रतनताई म्हणाली. "पण सांगायचं म्हणून सांगते."

विश्वनाथरावांनी फोन तिच्या हातातून घेतला. "येतेय ती," ते म्हणाले. "दोन मुक्काम."

जायच्या दिवशी नसीमबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "भाभी, काळजी नको. ते पडले तर तुमचा डबा मला फोन करणार ना? मी उशाशी फोन ठेवते. जेवण मी पाठवते, फक्त चटणी तिखट असंल." बॅटरीवरची एसटी आवाज न करता स्टँडातून निघाली. नाक्यापर्यंत शैलजा काचेला नाक लावून मागंच बघत होती.

बार्शीत पहिल्या संध्याकाळी ती दर थोड्या वेळानं फोन उघडायची. घराच्या आराखड्यात एक ठिपका फिरताना दिसायचा. ठिपका थांबला की तिचा घास थांबायचा. रतनताईनं ते पाहिलं.

"त्या फोनात पाहुणं चालतायत होय?"

"हो."

"मग चालू दे की. तू त्यांच्या मागनं चालतीस कशाला?"

सगळ्या हसल्या. शैलजाही हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं, की आपण इथंसुद्धा धावतोच आहोत. तिनं फोन पिशवीत तळाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं बहिणीला ओवाळलं, भाच्यांच्या मुलांना पोस्टातल्या गमती सांगितल्या, आणि जेवणावळ उरकल्यावर माजघरात लवंडली ती ऊन कलेपर्यंत झोपली. जाग आली तेव्हा कुणीतरी अंगावर चादर घातलेली होती. कुणीही तिला हाक मारलेली नव्हती. ती तशीच पडून राहिली. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशी कितीतरी माणसं तिच्या मनात आली. कुठं कुठं बसून, थरथरत्या बोटांनी त्यांनी ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यातून तिला ही दुपारची झोप मिळाली होती. त्यांच्यातल्या एकीचंच नाव तिला ठाऊक होतं. तिला तिनं पडल्या पडल्याच निरोप पाठवला, "यामिनीताई, आज मी दुपारी झोपले." उत्तर बऱ्याच वेळानं आलं. त्यात 'छान' या शब्दात न तीनदा पडला होता.

परतली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. फाटक ढकलून ती दारापाशी आली आणि तिनं पिशवीतून किल्ली काढली. किल्ली दाराच्या लॅचमध्ये जाणार, एवढ्यात आतून ठोके ऐकू आले. फाटक वाजलेलं त्यांनी ऐकलं होतं. ते दाराकडे यायला निघाले होते.

शैलजानं किल्ली मागं घेतली.

समोरचं दार उघडून नसीमबाई बाहेर आल्या. "आलात भाभी? किल्ली हरवली काय?"

"नाही. आहे."

"मग उभ्या का? उघडा की."

"ते उघडतायत," शैलजा म्हणाली.

नसीमबाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्याही तिथंच उभ्या राहिल्या. आतले ठोके थांबले. काहीच ऐकू येईना. पावलं नाहीत, काठी नाही, हाक नाही. शैलजाच्या ओठांवर "अहो" आलं होतं. ते तिनं गिळलं आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. ठोके पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा सावकाश. फरशीवर पाय घासला. लॅचला हात लागला, घसरला, पुन्हा लागला.

दार उघडलं. विश्वनाथराव चौकटीत उभे होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, वरचं बटण चुकीच्या काजात, आणि कपाळावर घाम.

"ये," ते म्हणाले, आणि तिला वाट द्यायला एक पाऊल मागं सरकले.

शैलजा आत आली. दार त्यांनीच लावलं.